इंडेक्सिंग टेबलासाठी रोटरी जॉइंट खास बनवून घ्यायचा आहे, काय काय ठरवून द्यावं?

चक्रनेमी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चार स्टेशनचं इंडेक्सिंग टेबल असलेली एक एसपीएम (एकाच कामासाठी खास बनवलेलं मशीन) आहे. टेबल ९० अंशांनी पुढे जातं आणि नेहमी एकाच दिशेनं. प्रत्येक स्टेशनच्या फिक्श्चरवर (तुकडा धरायच्या साच्यावर) हायड्रॉलिक क्लॅम्प आहेत. टेबल कधीच उलट फिरत नाही, त्यामुळे नुसते होज लावून भागत नाही. म्हणून मधोमध चार मार्गांचा रोटरी जॉइंट (स्थिर पाइपमधून फिरत्या टेबलात तेल नेणारा सांधा) बसवलेला आहे, कॅटलॉगमधला तयार. आतापर्यंत समोरासमोरची दोन स्टेशनं एकाच लाइनवर होती. नव्या फिक्श्चरमुळे आता चारही स्टेशनं स्वतंत्रपणे क्लॅम्प-अनक्लॅम्प व्हायला हवीत, म्हणजे सरळ हिशेबानं आठ मार्ग. शिवाय सीटवरचा चुरा उडवायला हवेचा एक मार्ग आणि सेन्सरच्या केबलसाठी मधून ३० मिमीचं आरपार भोक.

दाब १६० बार, फिरताना वेग १० आरपीएम, तेल व्हीजी ४६ (घट्टपणाचा दर्जा) मिनरल, तापमान ५५ अंशांपर्यंत. एका स्टेशनला साधारण १२ लिटर प्रतिमिनिट. टेबलाखाली उंची फक्त २६० मिमी. आठ मार्गांचे तयार जॉइंट मिळतात, पण त्या उंचीत एकही बसत नाही.

दुसरी अडचण अशी की सध्याचा जॉइंट सतत गळतो. सील किट बदललं की थोडे दिवस बरं चालतं, मग खालच्या बाजूनं पुन्हा तेल. खास बनवून घेतानाच हे कायमचं मिटवायचं आहे. बनवणाऱ्याला नक्की काय काय लिहून द्यावं?

वंगणवाली

चक्रनेमी, नवीन जॉइंटच्या आधी जुना का गळतो ते शोधा. कारण मशीनमध्ये असेल तर नव्या जॉइंटचे सीलही तसेच जातील.

दोन गोष्टी लगेच बघता येतील. जॉइंटचं हाउसिंग (बाहेरचा स्थिर भाग) मशीनच्या बेसला बोल्टनं पक्कं आवळलंय का? आणि हाउसिंगच्या पोर्टपर्यंत स्टीलचा पाइप आलाय की होज? शाफ्ट टेबलाला पक्का आणि हाउसिंग बेसला पक्कं, असं केलं की टेबलाची बेअरिंग आणि जॉइंटची बेअरिंग एकमेकांशी भांडत बसतात. टेबलाचा मध्य आणि जॉइंटचा मध्य तंतोतंत जुळणं व्यवहारात होत नाही. तो फरक शेवटी सील सोसतात.

हाउसिंग तरंगतं ठेवायचं असतं. ते फिरू नये म्हणून एक टॉर्क आर्म, आणि तीही खाचेत थोडी सैल. एवढंच पुरतं.

चक्रनेमी

धन्यवाद. आज डायल (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावून पाहिला. हाउसिंग बेसला चार बोल्टनं आवळलेलं आहे आणि खालच्या दोन पोर्टना सरळ स्टीलचे पाइप आहेत. बोल्ट सैल करून टेबल फिरवलं तर हाउसिंगच्या बाहेरच्या व्यासावर ०.१८ मिमीची हालचाल दिसली. जुना शाफ्ट काढून पाहिला तर खालच्या सीलच्या जागी एकाच बाजूला चकचकीत पट्टा, नखाला लागेल इतकी खाच.

वंगणवाली

मग उत्तर मिळालं. पट्टा पूर्ण गोल असता तर घाण तेल किंवा सीलच्या साहित्याकडे बोट दाखवलं असतं. एकाच बाजूला आहे म्हणजे बाजूचा भार. पाइपची शेवटची लांबी होजमध्ये करा, आणि होजला त्याच्या किमान वळणत्रिज्येपेक्षा मोकळं वळण द्या. ताणलेला होजही बाजूला ओढतोच.

मापाडी

मी अशा जॉइंटांचं डिझाइन करतो. प्रश्न चांगला मांडलाय, पण एक मुद्दा बहुतेक सगळ्यांचाच सुटतो. "१६० बार, १० आरपीएम" असा एकच आकडा सगळ्या मार्गांसाठी लिहून देऊ नका. प्रत्येक मार्गाची वेगळी ओळ करा: टेबल फिरत असताना त्यात किती दाब असतो, थांबलेलं असताना किती, झटक्याचा दाब किती, प्रवाह किती, आणि तो मार्ग चक्रातला किती वेळ दाबाखाली असतो.

याचं कारण सील झिजतं आणि तापतं ते दाब आणि घसरण्याचा वेग यांच्या गुणाकारानं. समजा तुमच्या शाफ्टचा सीलखालचा व्यास ९० मिमी आहे. १० आरपीएमला पृष्ठवेग साधारण ०.०४७ मीटर प्रतिसेकंद. १६० बार म्हणजे १६ मेगापास्कल. गुणाकार ०.७५ च्या आसपास येतो आणि तोही फक्त इंडेक्सिंगच्या क्षणापुरता. हे काम हलकं आहे. अनक्लॅम्पच्या मार्गांत तर टेबल फिरताना दाब शून्यच असणार. हे स्पष्ट लिहिलं नाही तर बनवणारा सगळे मार्ग पूर्ण दाबाला सतत फिरणारे धरतो, सील मोठे घेतो, घर्षण वाढतं, लांबी वाढते, आणि तुमच्या २६० मिमीत काहीच बसत नाही. उंचीची अर्धी अडचण या एका तक्त्यानं सुटेल असं मला वाटतं.

भोकाचं माप: १२ लिटरसाठी ८ मिमी घ्या, वेग सेकंदाला ४ मीटरच्या आत राहतो. दाबाच्या लाइनला ते ठीक आहे. विनाकारण १२ मिमी मागू नका, त्यानं शाफ्ट जाड होतो, शाफ्ट जाड झाला की सीलचा व्यास वाढतो, आणि घर्षणाचा टॉर्क साधारण व्यासाच्या वर्गानं वाढतो.

टॉर्कवरून आठवलं. प्रत्येक सील टेबलाच्या मोटरवर थोडा भार टाकतं. चालू टॉर्कपेक्षा सकाळी पहिल्यांदा सुटतानाचा टॉर्क बराच जास्त असतो, कारण रात्रभर सील एका जागी दाबून बसलेलं असतं. बनवणाऱ्याकडून हा सुटण्याचा आकडा दाबासकट लेखी घ्या आणि इंडेक्सिंगच्या मोटरला तो झेपतो का ते आधी पाहा.

उलटपालट

जॉइंटचं सगळं बरोबर आहे, पण मुळात आठ मार्ग हवेतच का? प्रेशर आणि टँक अशा दोनच लाइन वर न्या, सोलेनॉइड (विजेवर चालणारे) व्हॉल्व्ह टेबलावर बसवा, सिग्नल स्लिप रिंगमधून (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कड्यांतून). हवेसकट तीन मार्गांत काम.

चक्रनेमी

तो विचार झाला होता. टेबलावर कूलंट आणि चुरा अक्षरशः कोसळत असतो. व्हॉल्व्हचे कॉइल आणि कनेक्टर तिथे टिकवणं अवघड वाटतं, आणि एखादा बदलायचा झाला तर फिक्श्चर उतरवावं लागेल. साधे यांत्रिक व्हॉल्व्ह वर चालतील, विजेचे नकोत.

उलटपालट

ठीक, मग मधला रस्ता सुचवतो. तुमचे सिलिंडर रॉड आत ओढून क्लॅम्प करतात ना? म्हणजे क्लॅम्पचा दाब रॉडच्या बाजूला आणि अनक्लॅम्पचा पूर्ण पिस्टनवर. तसं असेल तर क्लॅम्पची एकच सामाईक लाइन चारही स्टेशनला द्या, तिच्यात १६० बार कायम. अनक्लॅम्पच्या चार लाइन स्वतंत्र. एखाद्या स्टेशनला अनक्लॅम्पमध्ये तेवढाच १६० बार दिला की दोन्ही बाजूंना दाब सारखा, पण पिस्टनचं पूर्ण क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे रॉड बाहेर येतो. ४० च्या पिस्टनला २२ चा रॉड असेल तर बाहेर ढकलणारं निव्वळ बल रॉडच्या क्षेत्रफळाइतकं, म्हणजे ६ किलोन्यूटनच्या आसपास. क्लॅम्प उघडायला भरपूर.

आठऐवजी तेलाचे पाच मार्ग. प्रत्येक स्टेशनला क्लॅम्पच्या लाइनवर एक पायलट चेक व्हॉल्व्ह (तेल परत जाऊ न देणारा, पायलट लाइनच्या दाबानंच उघडणारा), म्हणजे पंप बंद पडला तरी तुकडा धरलेला राहील. त्याचा पायलट त्याच स्टेशनच्या अनक्लॅम्प लाइनवरून.

मापाडी

कल्पना छान आहे, पण साधा पायलट चेक लावला तर तो उघडणारच नाही. त्याच्या पायलट पिस्टनच्या एका बाजूला अनक्लॅम्पचे १६० बार आणि दुसऱ्या बाजूला सामाईक लाइनचे १६० बार. बेरीज शून्य. तेल अडकलं की रॉडच्या बाजूचा दाब क्षेत्रफळांच्या प्रमाणात चढतो. तुमच्याच ४० आणि २२ च्या हिशेबानं १६० चे साधारण २२९ बार होतात. क्लॅम्प उघडत नाही आणि फिटिंगवर भलताच दाब बसतो.

इथे ज्याचा पायलट पिस्टन वेगळ्या ड्रेनला जोडलेला असतो तोच प्रकार हवा. मग पायलटला फक्त त्या ७० बारच्या फरकाशी झगडायचं असतं, तेही सीटच्या छोट्या क्षेत्रफळावर. सहज उघडतो.

उलटपालट

बरोबर, ड्रेनवाला पायलट चेकच घ्यायचा. म्हणजे टेबलावरून ड्रेन खाली आणायला एक मार्ग वाढला: क्लॅम्प १, अनक्लॅम्प ४, ड्रेन १, हवा १. एकूण सात.

मापाडी

हो. आणि आता या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मार्गांचा क्रम. कृपया हे नीट वाचा, कारण इथे चुकलं तर तुकडा कापताना सुटू शकतो.

सामाईक क्लॅम्पच्या मार्गात कायम १६० बार आहेत. त्याला लागून अनक्लॅम्पचा मार्ग ठेवला तर मध्ये एकच सील उरतं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील कितीही चांगलं असलं तरी थोडं तेल पलीकडे झिरपतंच, ते फिरताना वंगणासाठी लागतंही. हे झिरपलेलं तेल बाहेर दिसत नाही. ते गुपचूप अनक्लॅम्पच्या लाइनमध्ये जमा होतं. खाली बसवलेला व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत पोर्ट बंद करणारा असेल तर त्या तेलाला जायला वाट नाही, दाब हळूहळू चढतो, पायलट चेक उघडतो आणि क्लॅम्प सैल होतो. बाहेर थेंबही पडलेला नसतो. बाहेर गळणारा जॉइंट निदान दिसतो तरी.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे. एक, अनक्लॅम्पचे व्हॉल्व्ह असे घ्या की विश्रांतीत ती लाइन टाकीला मोकळी राहील. दोन, जॉइंटमध्ये क्लॅम्पच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना ड्रेनची खाच द्या. वरून खाली क्रम असा सुचवतो: अनक्लॅम्प १, अनक्लॅम्प २, ड्रेन, क्लॅम्प, ड्रेन, अनक्लॅम्प ३, अनक्लॅम्प ४, पुन्हा ड्रेन, आणि सगळ्यात शेवटी हवा. अनक्लॅम्प १ आणि २ शेजारी राहिले तरी चालतात, कारण दोन्ही बहुतेक वेळ बिनदाबाचे असतात. हवा आणि तेलामध्ये मात्र ड्रेन हवाच, नाहीतर फुंक मारताना सीटवर तेलाचा फवारा येईल. अनक्लॅम्प १ च्या वर, बेअरिंगच्या आधीही एक ड्रेनची खाच. ड्रेनच्या सगळ्या खाचा हाउसिंगमध्ये एकाच उभ्या भोकानं जोडता येतात, आणि त्यांतल्याच एकीत टेबलावरचा ड्रेन उतरवता येतो, म्हणून उंची फार वाढत नाही.

वंगणवाली

ड्रेनबद्दल माझी भर. ती लाइन स्वतंत्रपणे थेट टाकीत न्या. मुख्य रिटर्नमध्ये टी टाकून जोडू नका. टोकाचं साधं लिप सील (शाफ्टला ओठासारखं टेकणारं रबरी सील) अर्ध्या बारपलीकडे झेपवत नाही, आणि रिटर्नमध्ये एकाच वेळी दोन सिलिंडरचं तेल आलं की तेवढा झटका सहज बसतो. लिप सील उलटतं आणि सगळे म्हणतात जॉइंट खराब. ड्रेनची लाइन मोठ्या बोअरची, उताराची, मध्ये व्हॉल्व्ह किंवा फिल्टर नसलेली असावी.

आणखी एक फायदा. ड्रेनचं तेल अधूनमधून मापट्यात धरून पाहिलं तर सील कधी म्हातारं होतंय ते आधीच कळतं. आमच्याकडे ही नोंद ठेवायला लागल्यापासून जॉइंटमुळे अचानक मशीन उभं राहणं जवळपास थांबलं.

खरादी

मी हे शाफ्ट बनवतो, म्हणून मशीनिंगच्या बाजूनं लिहितो. ड्रॉइंग कितीही चांगलं असलं तरी जॉइंट टिकतो तो शाफ्टच्या पृष्ठभागावर.

मटेरियल ईएन १९ (मिश्रधातूचं पोलाद) चांगलं. सीलच्या जागी ५५ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) वर कडकपणा हवा. इंडक्शननं करा किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंड करा, पण मऊ शाफ्टवर पीटीएफई चालवू नका. त्यात ब्राँझ किंवा कार्बनची भर असते आणि ती मऊ शाफ्टला घासून खाच पाडते. फिनिश ०.२ मायक्रॉन आरएच्या (सरासरी खडबडीतपणाच्या) आसपास. आणि हे ड्रॉइंगवर लिहाच: ग्राइंडिंग प्लंज पद्धतीनं, व्हील आडवं न सरकवता. आडवं सरकवलं की डोळ्याला न दिसणारे आटे उमटतात आणि एकाच दिशेनं फिरणारा शाफ्ट त्या आट्यांतून तेल बाहेर पंप करतो. तुमचं टेबल तर नेमकं एकाच दिशेनं फिरतं.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. शाफ्ट सेंटरमध्ये अगदी आडवा धरा, पातळ तेलाचा हात फिरवा, बारीक दोऱ्याला छोटं वजन बांधून दोरा शाफ्टवर टाका आणि शाफ्ट हळू फिरवा. दोरा एका जागी राहिला तर ठीक. एका बाजूला चालू लागला तर दिशा उलटी करून बघा. तोही उलटा चालला की आटे नक्की आहेत. शाफ्ट स्वीकारण्याआधी हे माझ्यासमोर करून दाखवा असं खुशाल म्हणा.

आता जुळणी. सीलच्या खाचा हाउसिंगमध्ये, म्हणजे शाफ्ट आत सरकताना प्रत्येक सील शाफ्टवरच्या पोर्टच्या भोकांवरून घसरत जातं. भोकाची कड धारदार असेल तर पहिल्या जुळणीतच पीटीएफईचा केसाएवढा काप निघतो, आणि ते कळतं थेट चाचणीत. भोकं जिथे उघडतात तिथे शाफ्टचा व्यास किंचित कमी ठेवा आणि कडा गोल करून पॉलिश करा. शाफ्टच्या टोकाला १५ ते २० अंशांचा लांब उतार.

शाफ्टमधली उभी लांब भोकं गनड्रिलची (खोल भोकं पाडायच्या ड्रिलची) असतात आणि त्यांची टोकं प्लगनं बंद केलेली असतात. दोन भोकं मिळतात त्या कोपऱ्यात बर (धातूची बारीक धार) उरते. ती सुटून आली की थेट सीलखाली जाते. प्लग बसवण्याआधी आतून पाहून, धुऊन घ्यायला सांगा.

बिनीचा_शिलेदार

वाचनखूण साठवली. एक शंका: आमच्या डायकास्टिंग मशीनवर आग न धरणारं वॉटर ग्लायकॉल तेल आहे. तिथे हेच सील चालतील का?

मापाडी

पीटीएफईचं सील आणि नायट्राइल रबराची ओ-रिंग वॉटर ग्लायकॉलला चालते, तापमान जपून. साधं पॉलियुरेथेन नको, गरम पाण्यानं ते विरघळल्यासारखं तुटत जातं. जस्ताचा मुलामा दिलेले भागही टाळा. फॉस्फेट एस्टर असेल तर मात्र नायट्राइल फुगतं, तिथे ईपीडीएम रबर लागतं. आणि ईपीडीएमला मिनरल तेल लावायचं नाही, जुळणीच्या वेळचं ग्रीससुद्धा नाही. तेलाचा प्रकार ऑर्डरच्या पहिल्या ओळीत लिहा.

नवशिकी

लेथच्या हायड्रॉलिक चकला ३००० आरपीएमला तेल जातं, तिथे हेच सील असतं का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारते आहे.

मापाडी

नाही. ५० मिमी शाफ्टला ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला जवळपास ८ मीटर. दाबाखाली घासणारं सील तिथे लगेच जळेल. तिथे सीलऐवजी काही मायक्रॉनची फट असते, तिच्यातून तेल मुद्दाम थोडं वाहू दिलं जातं आणि ड्रेननं परत येतं. म्हणून तिथे तेलाची स्वच्छता फार कडक पाळावी लागते, आणि तेल सुरू न करता स्पिंडल फिरवायचा नाही.

चक्रनेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मार्गवार तक्ता केला, तो पाठवल्यावर बनवणाऱ्यानं सात मार्ग, ड्रेनच्या खाचा आणि मधलं ३० मिमीचं भोक धरून २३५ मिमी उंचीचं ड्रॉइंग दिलं. हाउसिंग तरंगतं आणि टॉर्क आर्म आहे. पोर्ट समांतर आट्यांचे, डौटी वॉशरसह (रबरी कड असलेला वॉशर). त्यांनी आधी टेपर आटे दाखवले होते.

आता चाचणीचं काय मागू? त्यांनी फक्त "दीडपट दाबाला तपासणी" एवढंच लिहिलंय.

खरादी

समांतर आटे घेतलेत ते उत्तम. टेपर आवळताना पातळ हाउसिंगचं बोअर त्या जागी लंबगोल होतं.

मापाडी

दीडपट म्हणजे २४० बार, ते ठीक, पण सगळे मार्ग एकत्र जोडून दाब दिला तर आतली गळती कधीच सापडणार नाही, कारण प्रत्येक सीलच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. एकेका मार्गाला दाब द्यायचा आणि बाकी सगळे मार्ग पारदर्शक नळ्या लावून उघडे ठेवायचे. कुठल्या नळीत तेल चढतं ते दिसतं. आधी थांबलेल्या शाफ्टवर, मग १० आरपीएमला फिरवत १६० बारला. कामाच्या तेलानंच, आणि ५५ अंशांना गरम करून, कारण थंड घट्ट तेल गळती झाकतं. क्लॅम्पच्या मार्गाला दाब देऊन ड्रेनमधून मिनिटाला किती येतं ते मोजून अहवालात लिहायला सांगा. तोच तुमचा पुढचा तुलनेचा आकडा.

टॉर्क दोनदा: जुळणीनंतर लगेच, आणि दाबाखाली रात्रभर उभा ठेवून सकाळी सुटताना.

वंगणवाली

आणि बसवताना जुन्या लाइन आधी फ्लश करा. जुन्या शाफ्टला खाच पडली होती म्हणजे तो चुरा त्याच तेलात फिरतोय. टाकी साफ केल्याशिवाय नवीन जॉइंट जोडू नका.

चक्रनेमी

नोंद घेतली. टाकी आणि लाइन दोन्ही साफ करूनच बसवतो. चाचणीच्या अहवालात ड्रेनचा आकडा आला की इथेच टाकतो. वंगणवाली, टॉर्क आर्मच्या खाचेत किती मोकळीक ठेवू?

वंगणवाली

तुमची मोजलेली हालचाल ०.१८ होती, तिच्यापेक्षा स्पष्ट जास्त. पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून १ मिमीच्या आसपास ठेवा. टेबल एकाच दिशेनं फिरतं, त्यामुळे पिन नेहमी एकाच कडेला टेकून राहील, ठोका बसणार नाही. आणि आर्म जितकी लांब करता येईल तितकी करा, पिनवरचा आणि बेअरिंगवरचा भार तेवढा कमी.

चक्रनेमी

ठरलं. आर्मचं स्केच करून उद्या टाकतो.